चव न बघणाऱ्या कुमुदमावशी

कुमुदमावशींनी उभ्या आयुष्यात मांसाचा एक तुकडाही तोंडात घातला नव्हता, आणि बीफचा स्टू त्यांच्यासारखा करणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. स्टू होत आला की त्या आच बारीक करायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या, झाकण अर्धवट उचलायच्या आणि डोळे मिटून वास घ्यायच्या. एकदा, दोनदा. मग म्हणायच्या, "व्हिनेगर अर्धा चमचा कमी आहे." चमचा भांड्यात जायचा तो फक्त ढवळायला, ओठांकडे कधीच यायचा नाही. अर्धा चमचा व्हिनेगर पडलं की पुन्हा वास, आणि मग निकाल: "बॅच पास."

त्यांची माझी ओळखही वासामुळेच झाली. आम्ही अमेरिकेत शॉमबर्गला टाउनहाऊसमध्ये राहायला आलो तेव्हा सामानाची खोकी अजून उघडायची होती आणि दोन दिवस आम्ही नवरा-बायको पिझ्झ्यावर काढत होतो. तिसऱ्या दिवशी, रविवारी, शेजारच्या घरातून कांदा परतल्याचा वास आला. बटरमध्ये, बिलकूल घाई न करता परतलेला कांदा. त्याच्या मागून तमालपत्र, आणि त्याच्या मागून मटण. मी साताऱ्याची आहे. मटणाच्या बाबतीत आपलं नाक फसणार नाही असा मला गर्व होता. शेजारच्या मेलबॉक्सवर ‘व्हर्मूलन’ असं आडनाव होतं. गोऱ्यांच्या घरात एवढा कांदा कोण परततंय, हे बघितल्याशिवाय मला चैन पडेना. स्क्रूड्रायव्हर मागायचं निमित्त काढून मी बेल वाजवली.

दार उघडलं ते एका ठेंगण्या, सावळ्या बाईंनी. अंगात सुती कुर्ता, खाली ट्रॅकपँट, हातात निळे रबरी हातमोजे. माझ्या मंगळसूत्राकडे बघून त्यांनी सरळ मराठीतच विचारलं, "नवीन आलेली तूच का गं? काय पाहिजे?"

"स्क्रूड्रायव्हर," मी म्हणाले आणि राहवलं नाही म्हणून पुढे बोलून गेले, "मटण करताय का?"

"नाही. बीफ आहे. आधी ऐकून घे, मग आत ये. खायचा आग्रह नाही. वास चालत असेल तर चहा टाकते."

मला वास चालत होता, हीच तर माझी पंचाईत झाली होती. मी आत गेले. चहा पिता पिता विचारलं, "तुम्हीही खाता?" तर त्या हातमोजे काढत म्हणाल्या, "मी? मी वरणभातवाली. हे विलेमचं."

त्या पदार्थाचं नाव त्यांच्या तोंडी कधी आलं नाही. पहिल्या दिवशी मला सांगितलं तेवढंच. एरवी ते ‘विलेमचं’. आज विलेमचं करायचंय, विलेमचं अजून तासभर लागेल. विलेम हे त्यांचे यजमान, बेल्जियमचे, घेंट शहराकडचे. सहा फुटांच्या वर उंच, गोरेपान, आणि बायकोकडून ‘अहो विलेम’ अशी हाक ऐकायची इतकी सवय झालेले, की ‘अहो’ हा आपल्या नावाचाच भाग आहे असं त्यांना वाटत असावं. आमच्या महाराष्ट्र मंडळात बायका त्यांना विलेमराव म्हणायच्या. त्यावरही ते मान डोलवायचे.

स्वयंपाकघरात एक कपाट वेगळं होतं. त्यावर मावशींच्या नेटक्या अक्षरात ‘विलेम’ अशी चिठ्ठी चिकटवलेली. त्यात जाड बुडाचं लोखंडी भांडं, एक सुरी, एक फळी, एक चिमटा, आणि हातमोज्यांचं खोकं. गॅसच्या चार बर्नरांपैकी मागचा उजवा विलेमचा. मावशी मांसाचे तुकडे चिमट्याने उचलून एकेक करून बटरमध्ये लालसर करायच्या, घाईने सगळे एकदम कधी टाकायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, तुम्हाला किळस नाही येत? त्या हसल्या. "अगं, बत्तीस वर्षं पेंटच्या लॅबमध्ये क्वालिटी कंट्रोल केलं मी. काय काय हाताळलं नाही? प्रत्येक गोष्ट चाखून बघितली असती तर आज तुझ्यापुढे उभी असते का?"

हे झालं अमेरिकेतलं कारण. नागपूरचं कारण वेगळं होतं. त्यांच्या माहेरी नैवेद्याचा स्वयंपाक असला की देवाच्या आधी कोणी चव बघायची नाही हा नियम. पुरण, कटाची आमटी, चटणी, कोशिंबीर, सगळं नाकाने आणि डोळ्यांनी करायचं. आमच्याकडेही तोच नियम होता, पण माझी आई नैवेद्याच्या दिवशी आमटी अळणी करून मोकळी व्हायची आणि वरून मीठ घ्या म्हणायची. मावशींची आई म्हणे कधी चुकली नाही. "आमटीला उकळी आली की मिठाचा वास बदलतो," मावशी गंभीरपणे सांगायच्या. मिठाला वास असतो हे मला आजही पटलेलं नाही.

"पण मावशी, विलेमकाकांचं काय नैवेद्याचं आहे का?" मी एकदा छेडलं.

"माणसाचं आहे. पण माझ्या हाताला दुसरी पद्धतच येत नाही, तर काय करून राहिली मी?"

अर्थात केमिस्ट बाई नुसत्या नाकावर विसंबणाऱ्या नव्हत्या. निकाल देऊन झाला की त्या हाक मारायच्या, "अहो विलेम, बघा हो जरा." विलेमकाका हातात पावाचा तुकडा घेऊनच यायचे. तो रश्शात बुडवायचा, तोंडात टाकायचा, छताकडे बघायचं आणि मान हलवायची. ही मान हलल्याशिवाय भांडं टेबलावर जात नसे. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं.

हा स्टू त्यांच्या संसारात आला तो पीटरमुळे. पीटर हा विलेमकाकांचा पहिल्या बायकोपासूनचा मुलगा. ती बाई आजारपणात गेली. मावशी त्याच पेंट कंपनीत काकांच्या शेजारच्या लॅबमध्ये होत्या. बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी लग्न केलं, तेव्हा पीटर चौदा वर्षांचा होता. नागपूरला वडलांनी पत्र पाठवून संबंध तोडले. इकडे पीटर त्यांच्याशी बोलेना आणि त्यांच्या हातचं काही खाईना. दूध आणि सिरियलवर दिवस काढायचा. मग मावशींनी घेंटला सासूबाईंना फोन लावला. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, मावशींना फ्लेमिश. मध्ये विलेमकाका दुभाषे, आणि त्यांना स्वयंपाकातलं काही कळत नव्हतं. असा तो पदार्थ शिकला गेला: कांदा भरपूर, काळी बिअर, थोडा गूळ, थोडं व्हिनेगर, आणि वरून मोहरी लावलेली पावाची जाड स्लाइस, जी हळूहळू विरघळून रस्सा दाट करते. इथली बाटलीतली मोहरी गुळमट म्हणून मावशी मोहरी घरी फेसायच्या, आपण लोणच्याला फेसतो तशी, नाकात झिणझिण्या येईपर्यंत.

लॅबची वही होती त्यांच्याकडे. त्यात प्रयोग एक, प्रयोग दोन असं लिहिलेलं. प्रयोग अकराला पीटरने काही न बोलता ताट पुढे करून पुन्हा वाढून घेतलं. पुढे एकच शब्द: पास.

पण पीटर पास झाला तो स्टूपुरताच. मी त्याला पाहिला तेव्हा तो चाळिशीला आलेला, मिलवॉकीला राहणारा, घटस्फोट झालेला, एका मुलीचा बाप होता. महिन्यातल्या एका रविवारी तो आणि त्याची एमा जेवायला यायचे. मावशी वाढायच्या. हातात पळी घेऊन टेबलाच्या टोकाशी उभ्या राहायच्या, कोणाचं ताट रिकामं होतंय यावर डोळा. सगळ्यांचं झालं की मागून स्वयंपाकघरात आपला वरणभात घेऊन बसायच्या. पीटर जाताना "थँक यू, कुमुद" म्हणायचा, ते हॉटेलातल्या वेट्रेसला म्हणतात त्याच आवाजात. मला त्याचा राग यायचा. मावशींना सांगितलं तर म्हणायच्या, "येतो ना? येतो तेवढं पुरे."

नोव्हेंबरात विलेमकाका गेले. गॅरेजमध्ये सायकल पुसता पुसता हृदय थांबलं. त्यांना सायकलचं भारी वेड, फ्लेमिश माणसाला असतंच म्हणे. अंत्यविधीला पीटर मावशींच्या शेजारी उभा राहिला, हात हातात घेतला, "संपर्कात राहू" म्हणाला, आणि मग आला नाही. जानेवारी गेला, मार्च गेला, उन्हाळा गेला. दर रविवारी सकाळी मावशी फोन लावायच्या आणि पीटरच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाशी बोलायच्या: "पीटर, कुमुद बोलतेय. विशेष काही नाही. एमाला सांग, आजीने विचारलंय." फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणायच्या, "बिझी असेल."

एकदा मात्र त्या न हसता बोलल्या. "विलेम होते तेव्हा मी त्याच्या बापाची बायको होते. आता कोण आहे मी त्याची? काहीच नाही नं. नागपूरला विचारणारं कोणी नाही, इथे हा एक पोरगा आणि ती पोरगी. तेही गेले तर मी कोणाची?" मी काहीतरी समजुतीचं बोलले. अशा वेळी आपण जे बोलतो त्याला काही अर्थ नसतो.

वर्ष होत आलं तेव्हा मावशींनी ठरवलं की विलेमची तिथी करायची. तिथी म्हणजे इंग्रजी तारीख, "त्यांना पंचांग कुठे कळत होतं?" ब्राह्मण नाही, पिंड नाही. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते करायचं, एक पान त्याच्या नावाने बाहेर ठेवायचं आणि मग घरच्यांनी जेवायचं, एवढंच. म्हणजे तिथीला बीफ. हे मला आधी पटलं नाही, खोटं कशाला बोलू? पण मावशींचा तर्क सरळ होता. "त्यांच्यासाठी करायचं तर त्यांना आवडणारं करेन, की मला आवडणारं?"

पीटरने या वेळी फोन उचलला. येतो म्हणाला, एमालाही आणतो. आणि म्हणाला, मोठी गाडी घेऊन येतो, बाबांची सायकल आणि हत्यारं घेऊन जाईन, तुमचं गॅरेज मोकळं होईल. मावशींनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या हातात मेथीची जुडी होती आणि त्या पानं सोडून देठच निवडत होत्या. "सायकल नेली की झालं. मग त्याला या घरी यायचं काही कारणच राहत नाही. एकच जेवण आहे माझ्या हातात. चांगलं झालं पाहिजे."

त्या शनिवारी मी सकाळी नऊलाच त्यांच्याकडे गेले. बाहेर गोठवणारी थंडी. माझ्याकडे कांद्याचं खातं होतं, दोन किलो, पातळ उभा चिरून. मावशी हातमोजे घालून मागच्या उजव्या बर्नरपाशी. दोघींनी मिळून फोडणीपासून झाकणापर्यंत सगळं रीतसर केलं, फक्त फोडणी नव्हती एवढंच. मोहरी लावलेली स्लाइस वर ठेवताना मावशी म्हणाल्या, "आज चव बघायला ते नाहीत." मी म्हणाले, मी बघू का? म्हणून गेले, आणि माझाच चेहरा असा झाला असणार की त्या हसायला लागल्या. "राहू दे. तिथीच्या स्वयंपाकाची कोणी चव बघतं का?"

दुपारी त्या आंघोळीला गेल्या. मला सांगून गेल्या, "ढवळत राहा, बुडाशी लागू देऊ नको." मी ढवळायला गेले तर ओट्यावर भांड्याशेजारी मिठाची बरणी. आमच्या साताऱ्याच्या घरी एक पद्धत होती. नैवेद्याला चव बघायची नाही आणि स्वयंपाकघरात तीन-चार बायका, मग मीठ पडलं की नाही हे कळणार कसं? तर बरणी बाहेर असेल तर मीठ घालायचं आहे. मीठ घातलं की बरणी फडताळात जायची. मी म्हटलं, बिचाऱ्या मावशी आज विसरल्या, मनात पीटर असणार. भांड्याचा अंदाज घेतला आणि मोकळ्या हाताने मीठ घातलं. बरणी कपाटात ठेवली. मदत केल्याचं समाधानही वाटलं.

दोन वाजता ते आले. पीटर वजनाने उतरला होता. एमा अकरा वर्षांची, कानात हेडफोन. मावशींनी झाकण उचललं, वास घेतला, कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि हळूच म्हणाल्या, "बॅच पास." पहिलं पान विलेमकाकांचं. एका बशीत स्टू, बटाट्याचे फ्राइज, पावाचा तुकडा, असं अंगणात नेऊन ठेवलं, हात जोडले. कावळ्याचा पत्ता नव्हता, कुंपणावर एक खार होती. मग पीटरला आणि एमाला वाढलं आणि नेहमीसारख्या पळी घेऊन टेबलाच्या टोकाशी उभ्या राहिल्या. मी दाराशी.

पीटरने पहिला घास घेतला आणि थांबला. चावला, गिळला, पाण्याचा ग्लास उचलला. दुसरा घास घेतला नाही. एमाने घेतला आणि तोंड वाकडं केलं. "डॅड, इट्स सो सॉल्टी! आय कान्ट ईट धिस."

"एमा," पीटर दबक्या आवाजात म्हणाला.

मावशींनी पळी खाली ठेवली. त्या माझ्याकडे वळल्या. "मीठ तू घातलंस?"

"हो. बरणी बाहेर होती म्हणून…"

"अगं, मीठ घातलं म्हणूनच तर मी बरणी बाहेर ठेवली होती!"

त्यांच्या माहेरची खूण उलटी होती. मीठ पडलं की बरणी कपाटातून काढून चुलीपाशी ठेवायची, म्हणजे सगळ्यांना दिसतं. दोघी नैवेद्याच्या शिस्तीत वाढलेल्या, दोघींनी मीठ घातलं, आणि दोघींपैकी एकीनेही चव बघितली नाही. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मावशी खुर्चीवर बसल्या. त्या टेबलाशी त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. "एकच जेवण होतं," त्या मराठीतच म्हणाल्या, "आणि त्यांनाही बाहेर खारटच वाढलं."

पीटरला शब्द कळले नाहीत. त्याने मला विचारलं, काय झालं? मी इंग्रजीत सगळं सांगितलं, बरणीसकट. तो मावशींकडे वळला.

"तुम्ही चव नाही बघितली?"

"मी कधीच बघत नाही. तुझे बाबा बघायचे."

"कधीच म्हणजे? इतक्या वर्षांत एकदाही नाही?"

"मी हे खात नाही, पीटर. तुला माहितीये."

"तुम्ही आमच्याबरोबर खात नाही एवढंच मला माहितीये," पीटर म्हणाला. त्याने काटा खाली ठेवला. "मी चौदा वर्षांचा होतो. तुम्ही तिथे उभ्या राहायचात, हातात तो मोठा चमचा. आमच्या ताटांकडे बघत. कधी टेबलाशी बसला नाहीत. वेगळं कपाट, वेगळी भांडी, हातमोजे. मी बाबांना विचारलं होतं, आपण घाणेरडे आहोत का? ते म्हणाले, मूर्खासारखं बोलू नको. पण का उभ्या राहता ते त्यांनीही नाही सांगितलं."

मावशींनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. मग इंग्रजीत, पण त्यांच्या नागपुरी हेलात म्हणाल्या, "अरे, जिने रांधलं तिने शेवटी बसायचं असतं. माझी आई तशीच, आजी तशीच. तुझं ताट रिकामं राहू नये म्हणून उभी होते मी. तू जेवतोस की नाही, हे बघत होते. तू आधी जेवत नव्हतास नं!"

"मला हे कोणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस. आणि मला वाटलं, हे काय सांगायचं असतं?"

एमाने हेडफोन कानातून काढले होते. पीटर टेबलाकडे बघत बोलत होता. "बाबा गेले तेव्हा मला वाटलं, आता तुम्ही सुटलात. दर महिन्याला आमच्यासाठी हे करायला नको. म्हणून फोन उचलत नव्हतो. म्हटलं, तुम्ही कर्तव्य म्हणून करताय."

"सुटले? कोणापासून सुटले?" मावशींचा आवाज चढला. त्यांना रागावलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं. "तुमच्यापासून सुटून मी जाऊ कुठे?"

मग पीटर उठला. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि ते जड भांडं पुन्हा मागच्या उजव्या बर्नरवर नेऊन ठेवलं. "ओमा खारट झालं की काय करायची ते मला माहीत आहे," तो म्हणाला. ओमा म्हणजे घेंटची आजी. त्याने अर्धा रस्सा काढून टाकला, फ्रीजमधून उरलेली बिअर काढली, आणखी एक पावाची स्लाइस मागितली. मावशींनी मोहरी लावून दिली. मला पुन्हा कांदा चिरायला बसवलं. त्या दिवशी मी त्याच लायकीची होते. पीटर दर दहा मिनिटांनी पाव बुडवून चव बघायचा, मावशी शेजारी उभ्या राहून वास घ्यायच्या. तो म्हणायचा, अजून खारट. त्या म्हणायच्या, व्हिनेगर थांबव, वास उग्र येतोय. दीड तास हे चाललं, आणि त्या दीड तासात सव्वीस वर्षांतलं बरंचसं बोलून झालं. मी मध्येच निघायला लागले तर मावशींनी डोळ्यांनी बसवलं.

चार वाजता सगळे पुन्हा जेवायला बसले. स्टू बरा झाला होता, उत्तम नव्हता. पीटरने शेजारची खुर्ची ओढली आणि मावशींना बसायला लावलं. त्या वरणभाताचं ताट घेऊन बसल्या, पण दर दोन मिनिटांनी उठून वाढायच्याच. बसलेल्या माणसाने किती उठावं याला काही मर्यादा असते. बाहेरची बशी आता रिकामी होती. मावशींना पुन्हा वाढायचं होतं, पीटर म्हणाला, बाबांनी तसंच खाल्लं असतं आणि वर अजून मागितलं असतं. संध्याकाळी त्याने सायकल आणि हत्यारं गाडीत चढवली. मावशी गॅरेजच्या दारात उभ्या होत्या. गाडी गेल्यावर मला म्हणाल्या, "बघू आता." त्यापलीकडे काही बोलल्या नाहीत.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी बेल वाजली तेव्हा मी त्यांच्याकडेच बसले होते. दारात पीटर आणि एमा. न्यायचं काही शिल्लक नव्हतं, सांगून आले नव्हते, आणि घरात वरणभात आणि मेथीच्या भाजीशिवाय काही नव्हतं. मावशींची इतकी तारांबळ उडाली की विचारू नका. त्या दिवशी पीटरने वरणभात खाल्ला, तूप जरा जास्तच घेतलं. मग तो येत राहिला. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. एमा सुट्टीत राहायलाही यायची. मावशी तिला मोहरी फेसायला शिकवायच्या. स्टूची चव आता पीटर बघायचा. मावशींच्या वहीत मी नंतर पाहिलं, त्या शनिवारची नोंद आहे: मीठ दुप्पट, बॅच फेल. खाली दुसऱ्या शाईत: तरी पास.

सव्वादोन वर्षं असं मजेत चाललं. मग मार्चमध्ये एका सकाळी मावशी उठल्याच नाहीत. झोपेतच गेल्या. दार उघडायला किल्ली माझ्याकडे होती, त्यामुळे मीच पहिली आत गेले. त्याबद्दल मला लिहायचं नाही. मी खूप रडले आणि अजूनही कांदा परतल्याचा वास आला की शेजारच्या भिंतीकडे बघते. पीटरने त्यांचं सगळं मुलाने करावं तसं केलं, मला विचारून विचारून. अस्थी घेऊन एमासकट नागपूरला गेला.

या मार्चमध्ये वर्ष झालं. पीटरचा फोन आला. म्हणाला, आपण त्यांची तिथी करू या, त्यांनी बाबांची केली तशी. मी करतो स्वयंपाक, तू फक्त सांग, त्यांना काय आवडायचं? मी आठवायला लागले. विलेमकाकांना काय आवडायचं ते मला माहीत होतं. पीटरला गूळ थोडा जास्त चालायचा, एमाला कांदा बारीक लागायचा, माझ्या नवऱ्याला मावशींची मेथी आवडायची आणि मला त्यांचा मुगाचा शिरा. मावशींना? वरणभात त्या खायच्या, कारण तो एकटीपुरता पटकन होतो. विचारलं की म्हणायच्या, मला काहीही चालतं. नागपूरला त्यांच्या भाचीला फोन केला. ती म्हणाली, आत्या अमेरिकेला गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते, मला काय ठाऊक. पीटरला पुन्हा फोन लावून सांगितलं, मलाही ठाऊक नाही. एवढी वर्षं त्यांच्या हातचं खाल्लेली आम्ही दोन मोठी माणसं.

मागून एमाचा आवाज आला. "फ्राइज, डॅड. द बर्न्ट वन्स. शी ऑलवेज एट द बर्न्ट वन्स. इन द किचन."

फ्राइजमधले करपलेले. आम्हाला वाढून झालं की ओट्याशी उभ्या राहून, हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर. एमाने कितीदा तरी पाहिलं होतं म्हणे. त्या मावशींना आवडायचे, की चांगले आमच्या ताटात गेल्यावर तेच उरायचे, हे एमाला सांगता येईना. मलाही येणार नाही. तिथीच्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून बटाटे तळले. निम्मे सोनेरी, निम्मे मुद्दाम करपवलेले. ठेचा मी केला. मावशींच्या पानावर आम्ही दोन्ही वाढले.